दोरीनं आखलेली गावं: जिंकलेल्या मायोर्का बेटावर नवी वस्ती कशी बसवली

फोनवर मॅप उघडा, स्पेनच्या पूर्वेला समुद्रात मायोर्का बेट शोधा आणि आधी पाल्मा शहराच्या जुन्या भागावर झूम करा. गल्ल्या वाकड्यातिकड्या, कुठं एकदम अरुंद होतात, कुठं एखाद्या भिंतीशी जाऊन संपतात. आता तिथून बेटाच्या मध्यावर सरका आणि पेत्रा नावाचं छोटं गाव बघा, नाहीतर उत्तरेला सा पोब्ला बघा. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, मधे घरांचे चौकोनी ब्लॉक. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हे गेल्या शंभर-दीडशे वर्षांतलं कुठल्यातरी इंजिनिअरचं काम असणार. पण हे इसवी सन १३०० चं आहे, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराय यादव होता त्या काळातलं, आणि ते एका राजाच्या लेखी आदेशावरून आखलेलं आहे. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगतो.

आधी बेट जिंकलं कसं ते थोडक्यात. मायोर्का तेव्हा तीनशे वर्षांहून जास्त काळ मुसलमान सत्तेखाली होतं, राजधानीला मदीना मायुर्का म्हणायचे. समोरच्या किनाऱ्यावर अरागॉनचा राजा आणि बार्सेलोनाचा काउंट, एकच माणूस, जाउमे पहिला, वय साधारण एकवीस. सप्टेंबर १२२९ मध्ये सालो, काम्ब्रिल्स आणि तारागोना या बंदरांतून दीडशेच्या आसपास जहाजं निघाली, सांता पोन्साला उतरली, काही दिवसांत पोर्तोपीजवळ लढाई झाली आणि त्यात मोंकादा घराण्यातले दोन मोठे सरदार पडले. मग राजधानीला वेढा. ३१ डिसेंबर १२२९ ला शहर पडलं आणि मोठी कत्तल झाली. (पाल्मात आजही दर ३१ डिसेंबरला झेंड्याचा सोहळा होतो तो याच दिवसाचा.) डोंगरातले लोक मात्र लगेच शरण आले नाहीत, १२३२ पर्यंत लढत राहिले.

आता खरा प्रश्न इथून सुरू होतो. बेट जिंकलं, पुढं काय? लढाईत ज्यांनी माणसं, जहाजं, पैसा घातला त्यांना वाटा पाहिजे, आणि हा वाटा आधीच ठरलेला होता, निघायच्या आधी करार करून, ज्यानं जेवढं घातलं तेवढ्या प्रमाणात. म्हणजे ही मोहीम एका अर्थानं भागीदारीचा धंदा होती. ढोबळमानानं अर्धं बेट राजाचं आणि अर्धं बड्या लोकांचं: बार्सेलोनाचा बिशप, नुनो सांच, एम्पुरिएसचा काउंट, मोंकादांचा वारस. राजानं आपल्या वाट्यातून पुन्हा टेंपलर संन्यासी-योद्ध्यांना, बार्सेलोना आणि मार्सेय सारख्या शहरांच्या लोकांना आणि आपल्या माणसांना दिलं. बड्यांनी त्यांच्या वाट्यातून खालच्या सरदारांना दिलं, या अटीवर की बेटाच्या रक्षणासाठी हत्यारबंद घोडेस्वार तयार ठेवायचा.

या वाटपाची वही आजही पाल्मातल्या सरकारी दप्तरात आहे. १२३२ ची. तिला रेपार्तिमेंतची वही म्हणतात, रेपार्तिमेंत म्हणजे सरळ अर्थ वाटप. लॅटिन आणि कातालान (बार्सेलोनाकडची भाषा) तर आहेच, पण तिची अरबीतलीही प्रत आहे! आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नवीन मालकांना बेटावरची शेतं कुठून कुठपर्यंत, कुणाच्या नावावर, कुठला वाडा कुठल्या ओढ्याशी, यातलं काहीच माहीत नव्हतं. ते सगळं ज्ञान हरलेल्या लोकांकडे होतं. म्हणजे ज्यांची जमीन काढून घेतली त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच हिशोबानं ती आधी मोजावी लागली आणि मग दुसऱ्याच्या नावावर चढली. तलाठ्याच्या दप्तरात एक फेरफार होतो तसा इथं अख्ख्या बेटाचा फेरफार झाला, फक्त जुन्या खातेदाराची सही कुणी विचारली नाही.

त्या वहीत जमिनीचे तुकडे कसे लिहिलेत तर अल्केरिया आणि राफाल. दोन्ही शब्द अरबीतून आलेले. अल्केरिया म्हणजे छोटी वाडी, काही घरं आणि भोवतीची शेती, मूळ शब्द अल-कर्या. राफाल त्याहून छोटं, एखाद्या मालकाचं शेत समजा. आणि क्षेत्रफळ लिहायचं माप जोवादा, म्हणजे एका बैलजोडीनं होईल एवढी जमीन. हा शब्द आला कातालान जोऊ वरून, जोऊ म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. आणि आपलं जू आणि त्यांचं जोऊ हे खरोखरच नात्यातले शब्द आहेत, एक संस्कृत युग वरून आला, दुसरा लॅटिन युगुम वरून, मूळ एकच. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला, कारण आपल्याकडेही जमीन किती असं विचारलं की जुनी माणसं औतं मोजायची.

मापांचं इथंच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मायोर्कात लांबी मोजायचं माप देस्त्रे, साधारण ४.२१ मीटर. वीस देस्त्रे लांब आणि वीस देस्त्रे रुंद असा चौकोन म्हणजे एक क्वार्तेरादा, ७,१०३ चौरस मीटर, आपल्या हिशोबानं ७० गुंठे, पावणेदोन एकर. सोळा क्वार्तेरादांची एक जोवादा, म्हणजे २८ एकर. आणि क्वार्तेरादाचा चौथा हिस्सा म्हणजे क्वार्तो, साडेसतरा गुंठे. आता आपलं जुनं कोष्टक आठवा: वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, म्हणजे चारशे चौरस काठ्यांचा एक बिघा. आणि तिकडे चारशे चौरस देस्त्रेंचा एक क्वार्तेरादा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण काठी आणि दोरी घेऊन शेतात उभ्या राहणाऱ्या माणसाला वीस बाय वीसचा चौकोन सोपा पडतो हे दोन्हीकडे सारखंच.

जमीन वाटली पण माणसं कुठायत? हा सगळ्यात मोठा अडसर. आधीची माणसं मारली गेली, आफ्रिकेकडे पळाली, किंवा गुलाम झाली. काही थोडे करार करून राहिले. ज्या शेतांचे ते कालपर्यंत मालक होते तिथंच नव्या मालकासाठी राबायची वेळ त्यांच्यातल्या अनेकांवर आली. हे वाक्य लिहिताना मला थांबावंसं वाटतं, कारण नगररचनेवर बोलताना आपण "रिकामी जमीन" असं सहज म्हणून जातो. मायोर्काची जमीन रिकामी नव्हती, ती रिकामी केली गेली. शेजारच्या मेनोर्का बेटावर तर हे आणखी उघड झालं, तिथले लोक आधी खंडणी देऊन टिकून होते, १२८७ मध्ये जाउमेचा नातू आल्फोन्सनं ते जिंकलं, ज्यांना सुटकेची रक्कम भरता आली ते बेट सोडून गेले आणि बाकीचे विकले गेले.

मग नवीन माणसं आणायची तर त्यांना काहीतरी आकर्षण पाहिजे. म्हणून राजानं शहर पडल्यावर दोनच महिन्यांत, १ मार्च १२३० ला, वस्तीची सनद दिली. इथं येऊन राहणाऱ्यांना बऱ्याच जकाती माफ, मालमत्तेचे हक्क पक्के, आणि तापलेल्या लोखंडानं किंवा पाण्यानं खरंखोटं ठरवायचे प्रकार बंद. तिकडे मुख्य भूमीवर शेतकरी सरदाराला बांधलेला असायचा, गाव सोडून जायचं तर पैसे मोजून सुटका करून घ्यावी लागायची, त्यामानानं ही ऑफर खरंच चांगली होती. कातालोनियातून लोक आले, आजच्या दक्षिण फ्रान्समधून आले, इटलीतले व्यापारी आले, ज्यू कुटुंबांनाही हक्क मिळाले.

पण आलेले बरेच लोक शहरात थांबले. साहजिक आहे, बंदर तिथं, व्यापार तिथं, तटबंदी तिथं, बांधलेली घरं तयार होती. पाल्माच्या जुन्या गल्ल्या वाकड्या का राहिल्या त्याचं उत्तर यातच आहे. शहर नव्यानं आखायची गरजच पडली नाही, घरं जशीच्या तशी वाटून घेतली, मोठ्या मशिदीच्या जागी कॅथेड्रल आलं, अल्मुदायना हा वलीचा, म्हणजे मुसलमान सुभेदाराचा, वाडा राजाचा वाडा झाला. बंद गल्लीला कातालानमध्ये आतझुकाक म्हणतात, तो शब्दसुद्धा अरबी झुकाक वरूनच. म्हणजे जिंकलेलं शहर त्यांनी अंगावर चढवलं, दुसऱ्याचा कोट घालावा तसं.

खेड्यात मात्र वेगळं चित्र. माणसं विखुरलेली, एक अल्केरिया इथं, दुसरी कोसभर लांब, मधे झुडपांचं रान. चर्चेस होती, १२४८ च्या पोपच्या एका पत्रात बेटावरच्या तीसहून जास्त पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, नावं येतात, पण बऱ्याच ठिकाणी चर्चभोवती गाव असं नव्हतंच. आता राजाच्या बाजूनं विचार करा, विखुरलेल्या माणसांकडून कर गोळा करणं अवघड, समुद्रावरून हल्ला आला तर त्यांना एकत्र करणं अवघड, बाजार भरत नाही, आणि गहू पिकवायला हात कमी पडले की शहराला धान्य बाहेरून आणावं लागतं.

पहिला जाउमे १२७६ मध्ये गेला. त्यानं राज्य दोन मुलांत वाटलं आणि धाकट्या जाउमेला मायोर्का, रुसिल्यो, सर्दान्या आणि मॉन्पेलिए मिळून वेगळं राज्य दिलं. भाऊबंदकी सुरू झाली. १२८५ मध्ये थोरल्या पातीनं बेट बळकावलं आणि ते परत मिळायला १२९८ उजाडलं. म्हणजे या दुसऱ्या जाउमेनं तेरा वर्षं आपलं बेट लांबून पाहिलं. परत आल्यावर त्यानं जे कामांचं सत्र लावलं ते थक्क करणारं आहे: स्वतःचं नाणं, पाल्माच्या टेकडीवर गोल आकाराचा बेलवेर किल्ला, अल्कुदियाला तटबंदी, आणि १३०० मध्ये गावं वसवायचा आदेश. त्याला ओर्दिनासिओन्स म्हणतात.

आदेशात चौदा-एक गावांचा विचार होता. सा पोब्ला, पेत्रा, ल्युकमाजोर, फेलानिच, मानाकोर, काम्पोस, सांतान्यी, अल्गायदा, पोर्रेरेस, सिनेउ अशी नावं त्यात येतात. मोठ्या गावांना शंभर कुटुंबांचं टार्गेट. आणि प्रत्येक कुटुंबाला काय द्यायचं हे ठरवून दिलेलं: घरासाठी एक क्वार्तो, शेतीसाठी पाच क्वार्तेरादा, आणि झुडपी रान दहा क्वार्तेरादा. आपल्या भाषेत घराला साडेसतरा गुंठे, नांगरायला पावणेनऊ एकर, आणि सरपण, चराई, पुढंमागं फोडून शेत करायला साडेसतरा एकर माळ. या रानाला गार्रिगा म्हणतात, त्यात जंगली ऑलिव्ह आणि मस्तकीची झुडपं असतात. शंभर कुटुंबांचा हिशोब करून बघा, १,५२५ क्वार्तेरादा, सुमारे २,७०० एकर. म्हणजे गाव आखायला सुरुवात केली की आपोआप शिवारही आखलं जातं.

आता घराच्या प्लॉटवर जरा थांबू, कारण सगळी गंमत तिथं आहे. एक क्वार्तो म्हणजे दहा देस्त्रे बाय दहा देस्त्रे, ४२ मीटरची एक बाजू. असे चार क्वार्तो एकमेकांना चिकटवून ठेवले की वीस बाय वीस, पूर्ण एक क्वार्तेरादा, ८४ मीटरचा चौकोन. हाच गावातला एक ब्लॉक. चार कुटुंबं, प्रत्येकाला ब्लॉकचा एक कोपरा, म्हणजे प्रत्येकाच्या दोन बाजूंना रस्ता. कुणाचं घर कुणाच्या मागं अडकलेलं नाही, कुणाला दुसऱ्याच्या अंगणातून बैल न्यायला लागत नाही. रस्त्याला लागून घर, मागं परस, तिथं विहीर, कोंबड्या, अंजिराचं झाड, भाजी. शंभर कुटुंबं म्हणजे असे पंचवीस ब्लॉक, मधे रस्ते सोडले की गाव तयार.

म्हणून मला वाटतं की हे सरळ रस्ते कुणाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेले नाहीत. आधी प्लॉटचं माप ठरलं, चार प्लॉटचा ब्लॉक झाला, आणि ब्लॉकच्या मधे जे उरलं तो रस्ता. रस्ता हा मापाचा परिणाम आहे. समान तुकडे पटापट आणि भांडण न होता वाटायचे असतील तर दोरी ताणून काटकोन काढण्यासारखा सोपा उपाय नाही. आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा मोजणीला आलेल्या माणसानं पहिलं काय केलं असेल तर बांधाच्या एका दगडावर उभं राहून समोरच्या दगडाकडे साखळी ताणली, आणि दोन्ही काका जे सकाळपासून तणतणत होते ते एकदम गप्प झाले, सगळ्यांची नजर त्या साखळीवर. पेत्राच्या माळावर १३०० नंतरच्या त्या दिवसांत दोरी ताणली जात असताना तिथं उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांत काय असेल ते मला त्यामुळं कळल्यासारखं वाटतं. घरचं सगळं मागं ठेवून बोटीतून आलेल्यांची मुलं-नातवंडं ती, आणि त्यांच्यासमोर त्यांचा कोपरा जमिनीवर उमटत होता.

पण ही जमीन पूर्ण मालकीची होती का? तर नाही, आणि हा भाग बऱ्याच लेखांत गाळला जातो. जमीन मिळायची ती कायमच्या पट्ट्यानं, पिढ्यानपिढ्या कसा, वारसांना द्या, विका सुद्धा, पण वरची मालकी राजाची किंवा सरदाराची. घेताना एकदा प्रवेशाचे पैसे, मग दरवर्षी ठरलेला खंड. विकायची झाली तर वरच्या मालकाला विक्रीतला हिस्सा, आणि तो म्हणाला मीच घेतो तर पहिला हक्क त्याचा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन लिहिलेली जमीन ज्यांच्याकडे आहे त्यांना हे चटकन समजेल, परवानगी आणि नजराण्याशिवाय विकता येत नाही ती, त्यातलाच प्रकार. राजाला यात दुहेरी फायदा, माणूस जमिनीवर टिकतो आणि खंड वर्षानुवर्षं येत राहतो.

सगळी गावं पेत्रासारखी चौकटीत बसली असं समजू नका. मानाकोर, फेलानिच, सिनेउ इथं आधीच चर्च होतं, थोडी वस्ती होती, तिथं जुन्या गाभ्याला नवा भाग जोडला गेला आणि मग रस्ते तिरके गेले. सपाट माळावर चौकोन, उतारावर तडजोड. हीच कल्पना पुढं मेनोर्कात नेली, १३०४ मध्ये आलायोर गाव वसवलं. आणि ती एकट्या मायोर्काची पण नव्हती, दक्षिण फ्रान्समध्ये अशी आखीव गावं वसवायची लाटच होती, व्हॅलेन्सियाच्या बाजूला पहिल्या जाउमेनं १२७४ मध्ये विला-रेआल असंच आखलं होतं. एशिमेनिस नावाच्या कातालान फ्रान्सिस्कन साधूनं आदर्श शहर चौकोनी कसं असावं हे लिहून ठेवलं ते याच्यानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी. म्हणजे शेतातल्या दोरीनं ते आधी करून दाखवलं आणि पुस्तकात नंतर आलं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र दोरीला बदलता आली नाही, ती म्हणजे पाणी. त्रामुंताना डोंगराच्या उतारावर बान्याल्बुफारला जा, समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या, प्रत्येक टप्प्यावर पाण्याचं टाकं, झऱ्याचं पाणी पाटानं एका टाक्यातून दुसऱ्यात. टाक्याला साफारेज म्हणतात, पाटाला सिकिया, दोन्ही शब्द अरबी. डोंगराच्या पोटातून पाणी बाहेर काढणारे भुयारी पाटही त्याच काळापासूनचे. नवीन मालकांनी गहू वाढवला, द्राक्षं, ऑलिव्ह, मेंढ्या वाढवल्या, पण पाण्याच्या वाटा मोडायला परवडत नव्हत्या, कारण पाट उताराप्रमाणे जातो, मालक बदलला म्हणून उतार बदलत नाही. पाळीनं पाणी घ्यायची, अमक्याची अमुक तास अशी पद्धत चालू राहिली.

तशीच नावं. सा पोब्ला याचा अर्थ नुसता "वसाहत", त्याचं पूर्ण नाव सा पोब्ला दे उयाल्फास, आणि उयाल्फास ही तिथली आधीची अल्केरिया. बिनिसालेम, बिनियाली यातलं बिनी म्हणजे अरबी बनी, अमक्याची मुलं, अमक्यांचं कूळ. अल्गायदा म्हणजे रान, अल्कुदिया म्हणजे टेकडी. कुळं गेली आणि कुळांची नावं गावांना राहिली. तिथले आजचे लोक ही नावं रोज घेतात, बसच्या पाटीवर वाचतात.

जाउमे दुसरा १३११ मध्ये गेला. त्याचं वेगळं राज्य पुढं चाळीस वर्षंही टिकलं नाही, २५ ऑक्टोबर १३४९ ला त्याचा नातू तिसरा जाउमे राज्य परत मिळवायला लढताना मारला गेला, आणि ती लढाई झाली ल्युकमाजोरला, आजोबांच्या यादीतल्या गावाच्या शिवारात. पेत्रातले क्वार्तो तर वाटण्या होऊन कधीच तुटले, ४२ मीटरच्या दर्शनी बाजूला आता अनेक अरुंद घरं दाटीनं उभी आहेत, मागं लांबट परस, पण ब्लॉकच्या बाहेरच्या रेघा तशाच. आणि सिनेउला दुसऱ्या जाउमेनं १३०६ मध्ये दिलेला आठवडी बाजार अजून बुधवारीच भरतो, भाजी, चामड्याच्या वस्तू आणि गुरंमेंढरं. चौकातून थोडं वर चढून गेलं की त्यानं बांधलेला वाडा लागतो, तिथं पुढं नन्सचा मठ झाला.